विहिरीतला हिरवा दिवा

ज्या वस्तूसाठी मी बीड जिल्ह्यात गेले, ती करंगळीच्या पेराएवढी आहे. तिकडे लोक जातात ते परळीच्या वैजनाथाला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. मी एका गावच्या विहिरीत सोडलेला इलेक्ट्रोड बघायला गेले. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी लिहायला हात धजत नव्हता. आता लिहिते आहे. डोंगर आहेत, जेवणखाण आहे, माणसं तर फार चांगली आहेत. आनंद मात्र यात शोधू नका.

आधी त्या पेराएवढ्या वस्तूबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाण्यात विरघळलेला एकच ठरावीक क्षार ओळखून त्याच्या प्रमाणात विजेचा दाब दाखवणारे इलेक्ट्रोड फार जुने आहेत. जुन्या पद्धतीत त्यांच्या नळीत द्रावण भरलेलं असतं. ते सुकतं, सांडतं, नळी उभीच धरावी लागते, सारखं बघावं लागतं. प्रयोगशाळेत ठीक आहे, पण गावच्या विहिरीत असले लाड कोण करणार? म्हणून गेली सहा वर्षं मी ते द्रावणच काढून टाकायच्या मागे आहे. कार्बनची एक कांडी, तिच्यावर वीज वाहून नेणाऱ्या खास प्लास्टिकचा काळा थर, आणि त्यावर नायट्रेट ओळखणारा पातळ पडदा. आत थेंबभरही पाणी नाही, सगळा घन मामला. आडवा पडला तरी चालेल, उन्हातान्हात राहिला तरी चालेल. जिथे जिथे मी हे काम मांडलं तिथे तिथे शेवटी मोठ्या ऐटीत म्हणाले, "लावा आणि विसरा."

नायट्रेट म्हणजे शेतातल्या खतातून, गोठ्यातून, संडासाच्या खड्ड्यातून मुरत मुरत विहिरीला येणारा क्षार. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही होत नाही. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाचं मात्र रक्त त्यानं प्राणवायू वाहीनासं होऊ शकतं. बाळ निळं पडतं.

दिवाळीच्या आधी मी मांजरसुंब्याहून आत, बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात पिण्याच्या विहिरीवर आमची पेटी बसवली होती. गावाचं नाव लिहीत नाही. काठड्याला खांब, खांबावर पांढरी पेटी, वर सोलरची पाटी, पेटीतून निघालेली केबल खाली पाण्यात आणि तिच्या टोकाला माझा इलेक्ट्रोड. नायट्रेट मर्यादेच्या वर असलं तर पेटीवर लाल दिवा, खाली असलं तर हिरवा. आकडे सिमकार्डावरून पुण्याला. बसवला त्या दिवशी लाल दिवा लागला आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीनंही तेच सांगितलं. त्या दिवशी मी किती खूश होते, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

त्यानंतर पुण्यात बसून मी आकडे बघत राहिले. ते हळूहळू, एकसारखे उतरत गेले. आमचे विभागप्रमुख पेढे वाटायच्या बेतात होते. मला मात्र ते पटेना. विहीर इतक्या शिस्तीत सुधारत नसते. महाशिवरात्रीच्या आधी मी पिशवी भरली आणि निघाले.

मांजरसुंबा

मांजरसुंब्याला उतरलं की आधी डिझेलचा वास येतो आणि मग तव्यावरच्या भाकरीचा. चारी दिशांचे ट्रक इथे थांबतात, म्हणून ओळीनं धाबे. शकीलभाई गाडी घेऊन उभेच होते. बीडमध्ये त्यांचं गॅरेज आहे. मागच्या खेपेला पेटीचा खांब त्यांनीच वेल्डिंग करून दिला होता, त्यामुळे पेटीवर त्यांचाही थोडा हक्क आहे असं ते मानतात.

"पहिले खाना खाव मॅडम, मग विहीर," त्यांनी फर्मावलं. "विहीर काय भागून जात न्हाई."

ज्वारीची भाकरी, येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची) आमटी, ठेचा, आणि बरोबर न मागता कांदा फोडून. पुण्यात आम्ही मागितल्यावरसुद्धा कांदा मोजून देतो. आमटी इतकी तिखट होती की माझ्या नाकातोंडातून पाणी आलं, आणि मालकानं पुढ्यात गूळ आणून ठेवला. तेवढा अर्धा तास मी सुखात होते.

"तुमची पेटी लई फेमस झाली बरं का," शकीलभाई हात धुता धुता म्हणाले. "गॅरेजवर एक गिऱ्हाईक सांगत होता, उस गाव का पानी सुधर गया बोलके. मी म्हटलं, खांब किसका है? अपना!"

गुळाचा खडा माझ्या तोंडात तसाच राहिला.

गावाकडचा रस्ता डोंगराच्या कडेकडेनं जातो. सीताफळाची पानं झडून गेली होती, डोंगर नुसत्या काट्याकुट्यांचे दिसत होते. खाली पट्ट्यापट्ट्यानं ज्वारी उभी होती आणि कणसांवर पाखरं बसत होती. कोणी तरी आगटी पेटवून हुरडा भाजत होतं, त्याचा धूर रस्त्यावर येत होता. शकीलभाई म्हणाले, उतरू या, आग्रह करतील. मी नको म्हटलं. एव्हाना मला विहिरीशिवाय काही सुचत नव्हतं.

विहीर

बबनराव विहिरीजवळच वाट बघत होते. ग्रामपंचायतीकडून गावचं पाणी बघतात ते. पाण्यात पावडर टाकणं, मोटर चालू-बंद करणं त्यांच्याकडे. उंच, वाळलेले, डोक्यावर टोपी. त्यांचं घर विहिरीला लागूनच. आधी घरी चला म्हणून त्यांनी ओसरीवर बसवलं आणि पितळेच्या तांब्यातून पाणी दिलं.

इथे एक सांगायला हवं. दिवाळीच्या आधी आले होते तेव्हा याच ओसरीवर मला विकतच्या जारचं पाणी मिळालं होतं. लाल दिवा लागल्यावर तर घरोघरी जार आले, असं बबनरावांनी मागे फोनवर सांगितलं होतं. आपल्याकडे पाहुण्याला पाणी देणं म्हणजे नुसती सवय आहे, पुढ्यातला ग्लास कोणी बघतही नाही. तिकडे पाहुण्याला कुठलं पाणी दिलं याला अर्थ असतो.

"हे जारचं?" मी विचारलं.

"जार कशाला आता?" बबनराव हसले. "आपल्या हिरीचं हाय. प्या बिनघोर. तुमची कृपा."

मी प्यायले. गार होतं, गोड होतं. तसं ते लागणारच होतं.

मग विहीर बघितली. पेटीला झेंडूची माळ घातलेली, आता वाळलेली. खांबाला हळदीकुंकू. आणि पेटीवर हिरवा दिवा, शांतपणे लागलेला.

"कसं झालं हे?" मी विचारलं. 

बबनरावांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण त्यात मला एकही चूक काढता आली नव्हती.

"लाल लागला तवा समद्यांनी हिरीचं पाणी सोडलतं. म्या इचार केला, लाल म्हंजी पाणी खराब. खराब पाण्याला आवशीद काय, तर टीसीएल पावडर. आमाला ट्रेनिंगात तेच सांगितलंय. मंग लाल दिसला की टाक पावडर, लाल दिसला की टाक पावडर. थोड्या दिसांनी दिवा कधी लाल, कधी हिरवा, असं व्हाया लागलं. मंग येक दिस हिरवा झाला, त्यो आजपातूर हिरवाच हाय."

"पावडर कुठे टाकत होतात?"

"ही काय, वायरच्या कडनंच. मशीनला आधी लागली पायजे ना, मंग पाण्याला."

मी काठड्यावर बसले. 

टीसीएल पावडर जंतू मारते. नायट्रेटला ती हातही लावत नाही. पण तिच्यातला क्लोरीन माझ्या पातळ पडद्यातून आत शिरतो आणि त्या काळ्या थराला गंज चढावा तसं करतो. थर बिघडला की विजेचा दाब वर सरकतो, आणि नायट्रेट जितकं जास्त तितका हा दाब कमी, म्हणून दाब वर सरकला की माझा इलेक्ट्रोड समजतो, नायट्रेट कमी झालं. भरीला पडदा खालून सुटला होता, ते पुढे इलेक्ट्रोड बाहेर काढल्यावर दिसलं. पोळी फुगते तसा, आणि फुगवट्यात पाणी साचलेलं. ज्या पाण्याला आत येऊ द्यायचं नाही म्हणून मी सहा वर्षं घालवली, ते आत जाऊन बसलं होतं.

पिशवीत तपासणीच्या कागदी पट्ट्या होत्या, बाजारात मिळतात त्या साध्या. एक पोहऱ्यातल्या पाण्यात बुडवली. बघता बघता तिचं टोक गुलाबी झालं, मग गर्द जांभळट. डबीवरच्या रंगांत त्याच्यापुढे रंगच नव्हता. मला त्या पट्टीचा संताप आला. पट्टीवर राग काढण्याइतकी मी खाली आले होते.

"पाणी तसंच आहे बबनराव," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी होतं तसंच. पावडरीनं दिवा बिघडला, पाणी सुधारलं नाही."

ते पट्टीकडे बघत राहिले. मग पेटीकडे. "मंग हिरवा कावून हाय?"

"खोटा आहे."

"मशीन खोटं बोलतंय?"

"हो."

माझं मशीन. ते मी म्हणाले नाही, पण शकीलभाईंनी मान खाली घातली, त्यावरून सगळ्यांना कळलं असावं.

ओसरी

 बबनराव घराकडे चालायला लागले, आधी सावकाश, मग जवळजवळ पळतच. मी मागोमाग गेले. ओसरीवर त्यांची मुलगी सुमन मांडीवर बाळ घेऊन बसली होती. मघाशी ती आत असावी, मला दिसली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडेही आहे. बाळ जेमतेम सव्वा महिन्याचं, मुलगी, टोपडं घातलेली. शेजारी दुधाची बाटली.

"दूध पुरंना ताई, म्हणून वरचं देते," सुमन लाजत म्हणाली. "पावडरचं. पण काळजी लई घेते. पाणी चांगलं आर्दं व्हईस्तवर आटवते, मंग त्यात कालवते."

उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट उडून जात नाही. पाणी अर्धं झालं की उरलेल्यात ते दुप्पट होतं. इतक्या मायेनं, इतकं जळण घालून ती पोरगी लेकीसाठी ते दुप्पट करत होती.

मी बाळाला उजेडाकडे धरायला सांगितलं. ओठांभोवती, नखांवर पाटीसारखा रंग होता.

"काळवंडलीय जरा," सुमन म्हणाली. "आई म्हणती थंडीनं. दूधबी कमी पेती, नुसती झोपती."

"शकीलभाई, गाडी काढा," मी म्हटलं.

गाडीत मागच्या सीटवर सुमन आणि तिची आई, मधे बाळ. बबनराव पुढे बसले, मी मागे कोपऱ्यात. घाट संपला. मग बबनराव समोर बघतच म्हणाले, "जावाई धाडत नव्हते तिला. बीडात राहत्यात ते. म्हणले, तुमच्या गावचं पाणी लाल हाय, बाळंतपण हितंच करू. हिची माय रडाया लागली. पयलं बाळंतपण, आन् लेक माहेराला यायची न्हाई?" थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणून टाकीत होतो पावडर. दिवसातनं दोन-दोन डाव टाकली. हिरवा झाला तवा म्या जावयाला फोटू धाडला."

त्या फोटोत माझी पेटी आहे. मी तो पाहिला. दिवा छान आला आहे.

शकीलभाई गाडी अशी चालवत होते की एरवी मी ओरडले असते. मधेच ते पुटपुटले, "खांब तो मैंने लगाया ना," आणि गियर बदलला.

बीड

बीडला मी आधी दोनदा राहिले आहे. स्टँडसमोर चहा फार छान मिळतो आणि कोचिंग क्लासचे फलक इतके आहेत की घरांच्या भिंती दिसत नाहीत. या खेपेचं बीड मला फक्त दवाखान्यापुरतं आठवतं. डॉक्टर तरुण होती, झोप न झालेली, पण चटपटीत. मी सांगितलेलं तिनं एकदाच ऐकलं आणि विश्वास ठेवला. बाळाचं रक्त काढलं तेव्हा ते चॉकलेटी होतं. सुमननं ते पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

औषध दिलं ते निळं होतं, मेथिलीन ब्लू. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली आहे. डाग जात नाही म्हणून आम्ही ती हातमोजे घालून उघडतो. ते इथे एवढ्याशा शिरेतून जाताना मी बघत होते आणि मला एवढंच वाटत होतं की आपण दुसरं काही शिकायला हवं होतं. शिवण, स्वयंपाक, काहीही.

संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग बदलायला लागला. बाळ रडलं. वॉर्डातल्या बायका दुसऱ्याचं मूल रडलं की कावतात, त्या दिवशी कोणी कावलं नाही. सुमनची आई बाहेर जाऊन भिंतीला टेकून हमसाहमशी रडली.

"वाचली," डॉक्टर म्हणाली. "पण पाणी बदला. त्या विहिरीचा थेंब नको."

"मंग कंचं देऊ?" सुमनच्या आईनं विचारलं. "बोरचं?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मते पाण्यातली जाणकार मी होते. शेजारच्या बोअरमध्ये काय आहे, ते मला माहीत नव्हतं. ते कळावं म्हणूनच तर मी इलेक्ट्रोड बनवत होते.

जावई कामावरून तसाच आला होता. सभ्य मुलगा. आवाज चढवला नाही. बाळाला बघून झाल्यावर तो सुमनला म्हणाला, "हितून सुटली की घरीच चल." घरी म्हणजे सासरी. बबनराव दाराशी उभे होते. तो त्यांच्या अगदी जवळून गेला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याशी मात्र बोलला. "मॅडम, तुमी पुण्याहून येऊन वाचवलंत," म्हणाला, आणि हात जोडले. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, तर तो औषधाची चिठ्ठी घेऊन जिना उतरूनही गेला होता.

पुन्हा विहीर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गावी गेलो. सुमनची आई दवाखान्यातच राहिली. वाटेत शकीलभाईंनी त्याच धाब्यावर गाडी लावली, कोणीच काही खाल्लं नाही. मालकानं विचारलं, आमटी बिघडली का? मी नाही म्हटलं.

गावात बातमी पोचलेली होती. विहिरीवर दोन-चार बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, पण पाणी कोणी शेंदत नव्हतं. बबनरावांनी स्वतःच केबल ओढायला घेतली. वीत वीत करत ती वर आली, टोकाला माझा इलेक्ट्रोड, चुन्यासारखा पांढरा थर बसलेला. तो काठड्यावर आला, त्याच्यावरचं पाणी निथळलं. तो कोरड्या हवेत लटकत होता.

सगळ्यांनी वर पेटीकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता.

"आता तर वाऱ्यावर हाय," बबनराव म्हणाले. "तरीबी?"

"तरीही."

एका म्हातारीनं खांबावरचं कुंकू पदरानं पुसायला घेतलं. मी केबल कापली, इलेक्ट्रोड कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि पेटी उतरवायला पान्हा काढला. बबनरावांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांनी कधी माझ्या इतक्या जवळ येऊन बोललेलं मला आठवत नाही.

"मॅडम, येक इचारू? ह्यो दिवा लाल करता येतो का?"

"म्हणजे?"

"कायमचा. पाण्याचं काय का व्हईना, दिवा लाल. म्या पावडर टाकली काय, नाय टाकली काय."

"येतो," मी म्हटलं. "दोन तारा बदलल्या की झालं."

"मंग करा."

मी पुण्यात असते तर नकार दिला असता. मोजणीशिवाय दिवा लावणं म्हणजे खोटेपणा, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तिथे मी पेटी उघडली, आतलं सगळं उपसून काढलं आणि लाल दिवा थेट बॅटरीला जोडला. शकीलभाईंनी बॅटरीचे स्क्रू आवळून दिले. दिवा लागला. पहिल्या दिवशी लागला होता तितकाच लाल, आणि पुन्हा तितकाच खरा. सहा वर्षांच्या कामातून त्या विहिरीवर टिकेल असं एवढंच निघालं: पाण्याशी काहीही संबंध नसलेला एक दिवा.

उरलेल्या पट्ट्यांची डबी मी बबनरावांना दिली. त्यांनी ती खिशात ठेवली, उघडून बघितली नाही. "येत ऱ्हावा," म्हणाले. त्या गावात निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत. एरवी मला ती रीत फार आवडते.

गाडी वळताना मी मागे पाहिलं. बबनराव खांबाला टेकून उभे होते. मला लाल दिव्याच्या तारा जोडताना पाहत उभ्या असलेल्या बायकांतली एक पुढे झाली. तिनं दिव्याकडे पाहिलं, मग बबनरावांकडे पाहिलं. त्यांनी खिशातली डबी चाचपली. तिनं हंडा खाली ठेवला आणि पोहरा विहिरीत सोडला.